ज्येष्ठाची बाजू

तेराओकांची तलवार ओकच्या लाकडाची होती. पण ती वरून येऊ लागली की लाकूड आणि पोलाद हा भेद बुद्धीत उरत नसे. उरे तो केवळ एक काळसर पट्टा, आणि त्या पट्ट्यामागचे दोन निश्चल डोळे. कुशल देवस्थळीने तो पट्टा प्रथम पाहिला तेव्हा तो मागे सरला नाही, पुढेही गेला नाही. विचार करीत उभा राहिला. त्याच्या डाव्या मनगटाजवळचे हाड तेव्हा चिरले. ही एकोणीसशे शहाण्णवच्या ऑक्टोबरातली गोष्ट. पुढच्या शुक्रवारी तो हाताला प्लास्टर घालून पुन्हा आला. तेराओकांनी त्याच्याकडे पाहून किंचित मान लववली आणि त्या दिवसापासून त्याला शिष्य मानले.

अमिरातीतल्या फुजैरा बंदराच्या कुंपणालगत, जहाजांना दोरखंड, रंग आणि रसद पुरवणाऱ्या एका कंपनीची पत्र्याची शेड होती. शुक्रवारी ती बंद असे. तिचा स्टोअरकीपर खैरुद्दीन मुकादम हा रत्नागिरीकडचा, किल्ल्या त्याच्याकडे. सकाळी सातला तो कुलूप काढी, दोरखंडांची भेंडोळी भिंतीला सरकवून मधली फरशी झाडून घेई, आणि दहाला सगळे आवरून आंघोळ करून जुम्म्याच्या नमाजाला जाई. त्या तीन तासांत त्या फरशीवर जे चाले त्याला बंदरातले लोक ‘जपानी मारामारी’ म्हणत. तेराओका त्याला काहीच म्हणत नसत. ते सहासष्ट वर्षांचे, एका तेलसाठवण टर्मिनलवर तपासणीचे काम करणारे, आयुष्यभर जहाजांच्या इंजिनांत वावरलेले गृहस्थ. आपल्या गुरूंकडून आलेली तलवारीची जुनी विद्या त्यांच्याजवळ होती. ती बारा जोड-आकृतींत, म्हणजे बारा ‘कातां’त बांधलेली होती. त्यांच्याबरोबर शिकलेल्यांपैकी आता कोणी हयात नव्हते.

आरंभी नऊजण आले. गुरखा पहारेकऱ्याचे बोट मोडले, फिलिपिनो वेल्डरचे पुढचे दोन दात गेले. एक पेशावरी ड्रायव्हर बरगडी धरून उठला आणि “ये कसरत नहीं, कसाईखाना है,” म्हणून जो गेला तो परतला नाही. वर्षभराने दोघे उरले: कुशल, आणि सहा महिन्यांनी मागाहून आलेला खैरुद्दीन.

या विद्येचा आचार मोठा विलक्षण होता. प्रत्येक कात्यात दोघे समोरासमोर उभे राहत. एक मारी, दुसरा तो वार चुकवून उलट वार करी आणि जिंके. आणि हरण्याची बाजू नेहमी ज्येष्ठाची असे. ज्याला सर्व ठाऊक आहे त्याने हल्ला करायचा, तोही खराखुरा, हाड फोडील असा. आणि ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्या हातून मरायचे. शुक्रवारी शुक्रवारी तेराओका त्या फरशीवर साठसत्तर वेळा मरत. कुशलचा वार त्यांच्या मस्तकावर, मनगटावर, कंठावर येई आणि त्वचेपासून बोटभर अंतरावरून निघून जाई. हे अंतर शिष्याने राखायचे नसे. शिष्याने आरपार मारायचे. ते अंतर गुरू आपल्या शरीराने निर्माण करी, शेवटच्या क्षणी, जेमतेम तेवढेच सरकून.

“माझे गुरू माझ्या हातून किती वेळा मेले, मोजले नाही,” तेराओका एकदा आपल्या तुटक, क्रियापदे गाळणाऱ्या इंग्रजीत म्हणाले होते. “प्रत्येक वेळी थोडे माझ्यात आले. तू हळू मारलेस तर ते फुकट मेले.”

खैरुद्दीनला हा आचार पहिल्याच दिवशी पटला. तो वयाने कुशलहून सात वर्षे मोठा. पण या तलवारीच्या शाळेत धाकटा.

“म्हणजे बघ कुशलभाऊ,” तो फरशी झाडता झाडता म्हणाला, “घरी मी मोठा, इथं तू मोठा. मार खायचा मान तुझा. माशाल्ला, काय शाळा काढलीय म्हाताऱ्यानं!”

“सेन्सेई म्हण. म्हातारा काय?”

“सेन्सेई म्हणजे तरी काय? आधी जन्मलेला. तूच सांगितलंस ना? मग म्हातारा आणि काय वेगळं झालं?”

कुशल हसला, पण त्याला ते तितकेसे रुचले नाही. तो वाईचा. वडील पाठशाळेत शिकवीत. पुस्तकाला पाय लागला, केरसुणीला लागला, वडीलधाऱ्या माणसाला लागला, तर तत्क्षणी वाकून त्या जागी हात लावायचा आणि तो हात छातीशी न्यायचा, हे त्याला कोणी शिकवल्याचे आठवत नव्हते. श्वास घ्यायला तरी कोण शिकवतो? फुजैऱ्यात तो इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर होता, घरात बायकोशी, मुग्धाशी, बोलताना ‘शटडाऊन’ आणि ‘ओव्हरटाइम’ याखेरीज वाक्य पुरे होत नसे. पण पायाला काही लागले की हात आपोआप खाली जाई.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात तेराओकांनी बारावा काता काढला.

त्याची रीत अशी. ज्येष्ठ मस्तकावर वार करतो. कनिष्ठ मागे हटत नाही, बाजूलाही जात नाही. तो आत शिरतो आणि आपला डावा पाय ज्येष्ठाच्या पुढच्या पायावर पूर्ण भाराने रोवतो. पाय असा खिळला की ज्येष्ठाला माघार उरत नाही. तो जागच्या जागी तलवार पुन्हा उचलून दुसरा वार करतो. आणि तो वार सुटताच कनिष्ठाने त्याच्या हातांवर मारायचे. ज्येष्ठाजवळ वाचण्याचा एकच मार्ग राहतो: खिळलेल्या पायावर उभे राहून खांद्यांतून हात मागे खेचून घेणे.

“पाय,” तेराओका म्हणाले. “माझ्या पायावर. खिळा ठोकल्यासारखा.”

कुशलने मान डोलावली. तेराओकांची तलवार आली. तो आत शिरला, पाऊल पडले, आणि आपल्या तळव्याखाली त्याला गुरूंच्या पायाची उघडी, उबदार, हाडे लागणारी पाठ जाणवली.

त्याचा उजवा हात तलवारीवरून सुटला. तो कमरेत वाकला, हात खाली गेला आणि बोटे तेराओकांच्या पायाला लागली. हे सर्व डोळ्याचे पाते लवायच्या आत झाले. पण तेवढ्यात दुसरा वार सुटला होता. आणि जिथे शिष्याची तलवार असायची तिथे शिष्याची वाकलेली मान होती.

अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने सुटलेला वार हवेत वळवला. तसे करणे शरीराला शक्य नसते. त्याच्या उजव्या खांद्यातून ओले कापड फाटावे तसा आवाज आला, आणि तलवार मानेऐवजी कुशलच्या गळ्याजवळच्या हाडावर पडली. हाड दोन ठिकाणी मोडून त्वचेखाली तंबूच्या खांबासारखे वर आले. कुशल फरशीवर आडवा झाला. वेदना येण्यापूर्वी त्याने पाहिले की तेराओका उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून उभे आहेत, आणि दातांखाली चावलेल्या त्यांच्या ओठातून रक्त आले आहे.

“या अल्ला,” खैरुद्दीन धावत आला. “अरे, मध्येच नमाज पढायला लागलास काय?”

तेराओका खाली बसले. रागावलेले नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

“तू माझ्या पायाचा मान केलास,” ते म्हणाले, “आणि मला तलवारीबरोबर एकटे सोडलेस.”

घरी शुभ्राने पट्ट्यात बांधलेला बाप पाहिला. ती नऊ वर्षांची होती.

“बाबा, हू हिट यू?”

“मीच चुकलो गं.”

“दॅट्स नॉट अ नेम,” ती म्हणाली.

मुग्धाने दूध पुढे ठेवले. “एकतीस मार्चला त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय ना? मग चार महिने गप्प घरी बस. अकरा काते आले, पुष्कळ झाले. पुण्यात परत गेल्यावर कुणाला दाखवणार आहेस बारावा?”

“कुणालाच नाही. पण तो त्यांच्याबरोबरच जाईल मुग्धा. त्यांच्यामागे कुणी नाही.”

“मग त्यांनी खैरुद्दीनना शिकवावा तो.”

“त्याचे आठ झालेत. बारावा त्याच्या हातात देता येत नाही.”

तिला नवऱ्याचा हट्ट कळत होता, आणि तो कशासाठी आहे हेही. टाकीत किती तेल आहे, दाब किती आहे, एवढेच जगाला सांगत बसलेला हा माणूस आयुष्यात प्रथमच कशाचा तरी वारस होऊ पाहत होता.

हाड सांधायला रमझान उजाडला. जानेवारीच्या मध्यावर, ईदच्या आधीच्या शुक्रवारी, कुशल पुन्हा शेडमध्ये उभा राहिला. तेराओकांचा खांदा बरा झाला नव्हता. ते तलवार डोक्यापर्यंत उचलीत तेव्हा कोपर थरथरे. त्यांनी बारावा काता काढलाच नाही. कुशलने विचारले तेव्हा म्हणाले, “तुझा हात अजून खाली जातो. मी दोन पावले मागून पाहिले. दारात कुणाच्या चपलेला पाय लागला, हात गेला.”

“पाय न ठेवता करता येईल का, सेन्सेई? शेजारी ठेवला तर?”

“येईल. पण मग तो माझ्या गुरूंचा नाही. मी तुला खोटी वस्तू देऊन जाऊ?”

मग खैरुद्दीनने ते काम अंगावर घेतले. आधी उपासाच्या कोरड्या तोंडाने, मग ईदनंतरही, तो कुशलसमोर उभा राही आणि पाय पुढे करी.

“ठेव. दाब. अजून! नखं फुटू देत.”

कुशल पाय ठेवी. हात खाली जाई. खैरुद्दीन तलवारीच्या मुठीने त्या हातावर मारी. पुन्हा पाय, पुन्हा हात, पुन्हा मूठ. कुशलची बोटे सुजून केळ्यांसारखी झाली. खैरुद्दीनच्या अंगठ्याचे नख काळे पडून गळून गेले.

“माझ्या पायाला कसला हात लावतोस? मी काय पीर आहे?” तो ओरडे. “चादर पण चढव मग!”

“मुद्दाम करत नाही रे.”

“तेच तर! मुद्दाम केलं असतंस तर एका झापडीत सुटलं असतं.” आणि एकदा, धापा टाकीत, आवाज उतरवून तो म्हणाला, “कुशलभाऊ, राग मानू नको. तुझ्या एका नमस्कारानं त्या माणसाचा खांदा गेला. त्यांनी वार वळवला म्हणून शुभ्राला बाप आहे. हे त्यांनी तुला सांगितलं नाही, मी सांगतो. आता तुझं तू बघ.”

हे शब्द मुठीच्या माराहून खोल गेले. त्या आठवड्यात कुशल कंट्रोल रूममध्ये बसून काट्यांकडे पाहत असे आणि त्याच्या मनात एकच गोष्ट फिरे. आपण ज्याला विनय समजलो तो विनय होता का? पाय लागला की हात लावून मोकळे व्हायचे. दोष धुतला गेला, मन स्वच्छ झाले. म्हणजे त्या क्षणी आपण समोरच्या माणसाकडे पाहत नसतो, आपल्या स्वच्छतेकडे पाहत असतो. समोर उभा असलेला वृद्ध आपले आयुष्य दोन हातांत धरून पुढे करीत होता, आणि आपण ते न घेता हात धूत बसलो.

वडिलांना त्याने पत्र लिहायला घेतले आणि फाडून टाकले. हे पत्रात मांडण्याजोगे नव्हते.

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी तेराओकांनी काही न बोलता बाराव्या कात्याचे अंतर घेतले. हवेत उष्मा चढू लागला होता. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होते. बाहेर नांगरलेल्या टँकरांची रांग पांढऱ्या समुद्रात थिजल्यासारखी दिसत होती. खैरुद्दीन झाडू भिंतीला टेकवून तसाच उभा राहिला.

दोघे वाकले. तलवारी पुढे आल्या.

पहिला वार आला. थरथरणाऱ्या कोपरातूनही तो इतका खरा होता की कुशलच्या कानावरून गेलेल्या वाऱ्याने डोळ्यात पाणी आले. तो आत शिरला. पाऊल पडले. तळव्याखाली तेच उघडे पाऊल, तीच ऊब. कुशलच्या कमरेतून एक हिसका निघाला, खांद्यापर्यंत आला, उजव्या हाताची दोन बोटे मुठीवरून सुटलीही. त्याने डोळे वर ठेवले. तेराओकांचे डोळे त्याच्यावर होते. त्यात आज्ञा नव्हती, धाकही नव्हता. पाहुण्याची वाट पाहणाऱ्या माणसाचे असतात तसे ते डोळे होते. बोटे मिटली. त्याने सगळा भार त्या पायावर दिला. तलवार दुसऱ्यांदा उचलली गेली, सुटली, आणि कुशलने मारले.

त्याने आरपार मारले. वार जाईल अशा जागी मारले, वार थांबेल अशा जागी नव्हे. आणि फाटलेला खांदा हात मागे खेचायला केसभर उशिरा पोचला.

ओक हाडावर लागल्याचा आवाज कोरडा होता. सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. तेराओकांचा उजवा हात मनगटाच्या वर चार बोटांवर वाकला, जिथे हाताला वाकण्याची सोय नसते. त्यांची तलवार फरशीवर पडून दोनदा उसळली. त्वचा फाटून हाडाचे टोक बाहेर आले होते, आणि रक्त आधी थेंबाने, मग धारेने कुशलच्या पावलावर पडू लागले.

“अरे—” खैरुद्दीन पुढे झाला.

“थांब!” तेराओका गरजले.

काता संपला नव्हता. वार केल्यावर कनिष्ठाने तलवारीचे टोक ज्येष्ठाच्या कंठावर धरायचे आणि ज्येष्ठ मागे जाईपर्यंत ढळायचे नाही, असा त्याचा शेवट होता. समोर म्हाताऱ्या माणसाचे मोडके हाड होते, आणि ते त्याने मोडले होते. त्याने टोक वर नेले आणि त्या सुरकुतलेल्या कंठावर धरले. टोक हलले नाही. पाय उचलून त्याने तेराओकांचे पाऊल मोकळे केले. तेराओका एक पाऊल मागे गेले, दुसरे, तिसरे. तिसऱ्यावर थांबून त्यांनी लोंबणारा हात डाव्या हातात घेतला आणि कमरेपासून वाकले. कुशल वाकला.

मग त्याने तलवार खाली ठेवली, अंगातला शर्ट काढला आणि तो मोडका हात त्यात गुंडाळला.

गाडी खैरुद्दीनने चालवली. मागच्या सीटवर कुशलने आपल्या शर्टात गुंडाळलेला तो हात मांडीवर धरला होता. कापड चिकट झाले होते.

“तुम्हाला माहीत होतं,” कुशल म्हणाला. “खांदा पोचणार नाही हे.”

तेराओकांच्या कपाळावर घाम होता. “अंदाज होता.”

“मग मला सांगायचं तरी!”

“सांगितले असते, तर तू कुठे मारले असतेस?”

पुढून खैरुद्दीन म्हणाला, “आता वाद नको. ऐक कुशलभाऊ, तिथं विचारतील. पाय घसरला, पडले, खलास. मारामारी म्हटलं की पोलिस येतो. पोलिस आला की नोकरीचा जामीनदार कफील, कफील आला की व्हिसा. तुझं घरदार इथं आहे. कळलं ना?”

“कळलं.”

अपघात विभागात केरळची एक परिचारिका होती. शर्ट सोडवून तिने हात पाहिला, डॉक्टरांना हाक मारली आणि कागद पुढे ओढला.

“कैसे हुआ? गिर गए?”

प्रश्न तेराओकांना होता. ते भिंतीकडे पाहत बसले. खैरुद्दीनने कुशलच्या पाठीत कोपर मारले. कुशलच्या तोंडात ‘हां’ आला होता. किती सोपा शब्द. तो उच्चारला की सगळे सुरळीत होणार होते: नोकरी, शुभ्राची शाळा, मुग्धाने नुकतेच शिवून लावलेले पडदे. आणि सकाळी नऊ वाजून काही मिनिटांनी जे घडले ते घडलेच नाही असे होणार होते. एक म्हातारा घसरून पडला, एवढेच उरणार होते.

“मैंने मारा,” तो म्हणाला.

परिचारिकेने मान वर केली. “गलती से?”

“नहीं, सिस्टर. मारायचं होतं तिथेच मारलं.” घाबरून तो मराठीत गेला होता. त्याने पुन्हा हिंदीत सांगितले, सावकाश, एकेक शब्द.

“पागल है क्या ये?” तिने खैरुद्दीनला विचारले आणि टेलिफोन उचलला.

अर्ध्या तासाने एक तरुण हवालदार आला. नमाजाची वेळ जवळ येत होती आणि त्याला घाई होती. खैरुद्दीन त्याच्याशी अरबीत बोलू लागला. हबीबी, शेख, वल्ला, सगळी आर्जवे झाली. हवालदाराने कधी रक्ताळलेल्या बनियनातल्या कुशलकडे, कधी खाटेवरच्या वृद्धाकडे पाहिले.

“तो विचारतोय,” खैरुद्दीन म्हणाला, “सेन्सेई, तुमची तक्रार आहे का?”

“नाही.”

“मग तो म्हणतो, अपघात लिहितो आणि यल्ला, सगळे घरी.”

“नाही,” तेराओका उठून बसले. वेदनेने त्यांचा जबडा आवळला गेला. “अपघात नाही. त्याला सांग. याने बरोबर मारले. मी उशिरा हललो. असे लिही.”

खैरुद्दीनने डोक्याला हात लावला, पण सांगितले. हवालदाराने कुशलकडे वळून एक प्रश्न केला.

“विचारतोय, हा तुझा कोण?”

“माझे गुरू.”

“म्हणतो, आणि गुरूला मारलंस?”

“हो.”

हवालदाराने कागद गुडघ्यावर ठेवला आणि उजवीकडून डावीकडे चार ओळी लिहिल्या. वर नजर करून तो काही म्हणाला.

“म्हणतो, रविवारी ठाण्यावर ये. साहेब काय करतील सांगता येत नाही. पासपोर्ट आण,” खैरुद्दीन म्हणाला. “आता सही कर. देव तुझं भलं करो.”

कुशलने पेन घेतले. बोटे सुजलेली होती, नखांत रक्त वाळले होते. पण अक्षर नेहमीसारखे आले. खाटेवरून तेराओका त्या सहीकडे पाहत होते. सही झाल्यावर ते आडवे झाले.

“शुक्रवारी,” ते डोळे मिटून म्हणाले, “खैरुद्दीन नववा काता सुरू करील. समोर, ज्येष्ठाच्या बाजूला, तू उभा राहा. मी बसून बघेन.”

“शुक्रवारी मी या देशात असेन की नाही ठाऊक नाही, सेन्सेई.”

“असलास तर,” तेराओका म्हणाले. “जोरात मारायला सांग त्याला.”